एकाच सॉफ्टवेअरला तीन सर्व्हर कशाला?

प्रश्न : सांगलीत आमची औषधांच्या घाऊक वितरणाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. उलाढाल वर्षाला ६० कोटींच्या आसपास, बिलं रोजची साधारण ४००. बिलिंग, स्टॉक, येणी हे सगळं आमच्याच दोन प्रोग्रॅमरनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतं. मागे एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर), त्याची स्टँडर्ड एडिशन; पुढे ३८ पीसी. आयटी मी बघतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा आम्ही बदल थेट लाइव्हवरच, म्हणजे रोजच्या चालू सॉफ्टवेअरवरच, केला. दुपारी दोनपर्यंत बिलिंग बंद होतं. आठवड्याने कळलं की ऑगस्टात विकलेल्या मालाच्या परतीची क्रेडिट नोट १२ ऐवजी ५ टक्क्यांनी निघतेय. आता डेव्हलपमेंट, टेस्ट आणि लाइव्ह वेगळं करावं म्हणून कोटेशन मागवलं, ते नऊ लाखांचं आलं. मालक म्हणतात, “एकाच सॉफ्टवेअरला तीन सर्व्हर कशाला? नीट काम करा म्हणजे झालं.” त्यांना कसं पटवू? आणि टेस्ट क्लाउडवर घ्यावं का?

उत्तर : ते कोटेशन आधी बाजूला ठेवा. नऊ लाखांत बहुतेक तीन सारखे सर्व्हर आणि तीन सारखी लायसन्स धरलेली असणार, आणि तसं असेल तर मालकांचा प्रश्न रास्त आहे. तिन्ही जागांची कामं वेगळी, म्हणून त्यांची मापंही वेगळी. मालक सांगलीचे आहेत, तेव्हा नाटकाच्या भाषेत सांगा. प्रोग्रॅमरचा पीसी म्हणजे तालीम : घरच्या कपड्यांत, हातात संहिता, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. टेस्ट म्हणजे रंगीत तालीम : नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा सगळं प्रयोगासारखं, फक्त तिकीट विकलेलं नाही. लाइव्ह म्हणजे प्रयोग. रंगीत तालमीसाठी कोणी दुसरं नाट्यगृह बांधत नाही, पण ती न करता पडदाही वर नेत नाही.

आता पटवण्याचं. बिलिंग बंद राहिल्याच्या नुकसानीवर भर देऊ नका. ६० कोटी भागिले ३०० दिवस म्हणजे दिवसाला २० लाख, दहा तासांचा दिवस धरला तर तासाला दोन लाखांची विक्री. तुमच्या धंद्यातलं आठ-दहा टक्के मार्जिन पाहता तासाला १६ ते २० हजार. तुमचे पाच तास म्हणजे फार तर एक लाख, आणि त्यातल्या बऱ्याच ऑर्डरी केमिस्टने दुपारनंतर पुन्हा दिल्या असतील. मालक हे गणित तुमच्यापेक्षा लवकर करतील आणि म्हणतील, लाखासाठी नऊ लाख?

खरा खर्च आहे तो न थांबता चुकीचं चालत राहण्याचा. बिलिंग बंद पडलं की पाच मिनिटांत बोंब होते. चुकीचा दर मात्र बिनबोभाट चालू राहतो. समजा, दर चुकलेला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आला, म्हणजे १,२०० बिलं गेली. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर बिलाचा आयआरएन (पोर्टलने दिलेला नोंदणी क्रमांक) रद्द करायला २४ तास मिळतात, म्हणजे पहिल्या दोन दिवसांची ८०० बिलं हातातून निसटली. त्या प्रत्येकावर क्रेडिट किंवा डेबिट नोट, प्रत्येक केमिस्टला फोन, त्याच्या आयटीसीचा (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा) घोळ, तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणात) नोंद. एका बिलामागे दहाच मिनिटं धरा, १३३ तास होतात. एका माणसाचे सोळा-सतरा दिवस फक्त निस्तरण्यात. आठवडाभर चुकीच्या दराने निघालेल्या तुमच्या क्रेडिट नोटा मोजा, त्यांवर गेलेले तास मांडा आणि तो आकडा मालकांपुढे ठेवा. तो तुमच्याच पेढीतला आहे, त्यामुळे त्यावर वाद होणार नाही.

२२ सप्टेंबरचंच उदाहरण घेऊ, कारण टेस्ट वेगळं असतं तर काय झालं असतं हे त्यातून नेमकं दिसतं. जीएसटी कौन्सिलचा निर्णय ३ सप्टेंबरला झाला, अंमल २२ तारखेपासून. हातात १९ दिवस होते. बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यांवर आली, काही जीवरक्षक औषधं शून्यावर. तुमच्याकडे जे झालं त्यावरून दिसतं की आयटम मास्टरमधला (मालाच्या मुख्य यादीतला) १२ खोडून तिथेच ५ लिहिला गेला. त्यामुळे ऑगस्टच्या बिलावरची परतीची नोटही मास्टरमधून आजचाच दर उचलते. जुन्या बिलाची दुसरी प्रत काढून पाहा, तीही कदाचित ५ टक्क्यांनी छापली जात असेल. दर हा तारखेसह वेगळ्या टेबलात असायला हवा : अमुक एचएसएन (मालाचा जीएसटी कोड), अमुक तारखेपासून, अमुक दर. आणि क्रेडिट नोटने दर मूळ बिलाच्या ओळीतून घ्यायचा, मास्टरकडे पाहायचंच नाही.

हे टेस्टवर सापडलं असतं का? नुसतं नवं बिल काढून पाहिलं असतं तर नाही. त्यासाठी प्रकरणं लिहून ठेवावी लागतात. २१ तारखेच्या रात्रीचं बिल आणि २२ च्या सकाळचं, तोच माल, दोन दर. ऑगस्टच्या बिलावरची परत. एक्सपायरीचा माल दोन वाटांनी येतो : तुम्ही क्रेडिट नोट देता किंवा नोंदणीकृत केमिस्ट स्वतःचं बिल करून माल परत पाठवतो (२०१८ च्या ७२ क्रमांकाच्या जीएसटी परिपत्रकात दोन्ही वाटा आहेत). दोन्ही तपासायच्या. मागच्या आर्थिक वर्षातल्या बिलावरची परत ३० नोव्हेंबरनंतर आली तर क्रेडिट नोटने कर कमी करता येत नाही, तेही एक प्रकरण. दहावर एक फुकट ही स्कीम. जुन्या बॅचवर छापलेली एमआरपी आणि कंपनीच्या सुधारित यादीतली एमआरपी. आणि शून्य दर. हा फार बेरकी असतो. कोड लिहिताना ‘दर शून्य म्हणजे दर भरलेला नाही, मग डीफॉल्ट घे’ असं कुठेतरी लिहिलेलं असतं आणि शून्याचं औषध गुपचूप १२ टक्क्यांनी जातं. शिवाय बिलात सगळाच माल शून्याचा असेल तर ते बिल ऑफ सप्लाय (बिनकराचं बिल) होतं, त्याला आयआरएन लागत नाही. प्रोग्रॅमरच्या पीसीवरच्या शे-दोनशे आयटममध्ये यातलं निम्मंही दिसणार नाही. त्यासाठी पूर्ण आयटम मास्टर आणि मागच्या वर्षाची खरी बिलं समोर लागतात, म्हणजेच रंगीत तालीम.

आता जागा कशा लावायच्या ते.

डेव्हलपमेंटसाठी नवं काहीच घेऊ नका. दोघा प्रोग्रॅमरच्या पीसीवर एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर एडिशन टाका. ती २०१६ पासून फुकट आहे, विकास आणि चाचणीसाठी चालते, प्रत्यक्ष धंद्यासाठी चालत नाही. डेटा बनावट, पाच-पन्नास पार्ट्या, शे-दोनशे आयटम. कोड गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर). ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘फायनल खरंच’ असे फोल्डर असतील तर आधी ते बंद करा, कारण कोणता कोड लाइव्हवर आहे हेच सांगता येत नसेल तर बाकीचं सगळं फुकट.

टेस्टसाठी एक बरा डेस्कटॉप पुरे : ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी. लाखाच्या आत काम होतं. इथेही डेव्हलपर एडिशन चालेल, पण एक खड्डा लक्षात ठेवा. डेव्हलपर एडिशनमध्ये एंटरप्राइझ या वरच्या एडिशनची सगळी वैशिष्ट्यं उघडी असतात आणि तुमचं लाइव्ह स्टँडर्डवर आहे. बिलिंग चालू असताना इंडेक्स पुन्हा बांधायची ऑनलाइन सोय प्रोग्रॅमरने स्क्रिप्टमध्ये वापरली तर टेस्टवर ती सुरळीत चालेल आणि लाइव्हवर एरर देईल. २०२५ च्या आवृत्तीत स्टँडर्डच्या मर्यादा पाळणारी वेगळी डेव्हलपर एडिशन आली आहे, पण त्यासाठी लाइव्हही त्या आवृत्तीवर हवं. आवृत्ती, सर्व्हिस पॅक, कोलेशन (अक्षरं जुळवण्याचे नियम), कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेस कोणत्या आवृत्तीसारखा वागतो ते) आणि विंडोजची तारखेची मांडणी दोन्हीकडे तंतोतंत एक ठेवा. तारखेमुळे ०५/०६ चा पाच जून एका ठिकाणी सहा मे होतो, आणि बारा तारखेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. टेस्टचं मशीन हलकं असल्याने वेगाबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नका. तेवढी तडजोड चालते.

टेस्टचा डेटा लाइव्हच्या बॅकअपमधून दर रविवारी रिस्टोअर करायचा. सगळ्यात मोठा धोका याच जागी आहे. रिस्टोअर झालेल्या डेटाबेसमध्ये बिलांबरोबर सेटिंगही येतात : ई-इन्व्हॉइसचा पत्ता आणि पासवर्ड, एसएमएसची किल्ली, ईमेल, प्रिंटर. म्हणजे टेस्टची प्रत जन्मतःच समजते की आपणच लाइव्ह.

मग काय होतं? लाइव्हचं पुढचं बिल ४५१२ आहे. प्रोग्रॅमरने टेस्टवर ४५१२ काढलं आणि ते खऱ्या पोर्टलवर नोंदलं गेलं. आयआरएन बनतो तो तुमचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल क्रमांक यांतून. थोड्या वेळाने काउंटरवर खरं ४५१२ निघालं की पोर्टल २१५० ही ‘डुप्लिकेट आयआरएन’ची एरर देतं, आणि उत्तरात आधीचा आयआरएन परत पाठवतं. अनेक सॉफ्टवेअर, ‘नेट तुटलं असेल, आधीच नोंदलं गेलं असेल’ असं धरून तो आयआरएन बिलावर छापून मोकळी होतात. केमिस्टच्या हातात खरं बिल, पोर्टलवर मात्र प्रोग्रॅमरने मनाने घातलेली रक्कम. रद्द करावं तर रद्द झालेला क्रमांक पुन्हा नोंदता येत नाही.

म्हणून रिस्टोअरनंतर एक ठरलेली स्क्रिप्ट चालल्याशिवाय टेस्ट कोणालाही उघडायचं नाही. तिने ई-इन्व्हॉइसचा पत्ता बदलून एनआयसीच्या (ई-इन्व्हॉइस पोर्टल चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सँडबॉक्सचा, म्हणजे सरावाच्या पोर्टलचा, टाकायचा, त्याचे वेगळे युजर आयडी-पासवर्ड भरायचे. एसएमएसची किल्ली कोरी करायची. सगळे ईमेल एकाच अंतर्गत पत्त्यावर वळवायचे. बिलाच्या मालिकेला ‘टी’ लावायचा, पण बिल क्रमांक १६ अक्षरांच्या वर जाऊ शकत नाही, तेव्हा तुमची मालिका आधीच लांब असेल तर एखादं अक्षर काढून त्या जागी ‘टी’ घाला. स्क्रीनचा वरचा पट्टा लाल, बिलावर आडवं ‘चाचणी’. रंगाला बालिश समजू नका. १३ जानेवारी २०१८ ला हवाईत क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लाखो फोनवर गेला आणि तो दुरुस्त व्हायला ३८ मिनिटं लागली. तिथे सरावाचा आणि खरा इशारा एकाच मेनूत होते.

स्क्रिप्ट कधीतरी राहणारच, म्हणून दुसरं कुलूप फायरवॉलला : टेस्टच्या मशीनवरून बाहेर फक्त सँडबॉक्सचा पत्ता उघडा, बाकी सगळं बंद. दोन्हीपैकी एकच करायला वेळ असेल तर फायरवॉलचं आधी करा.

टेस्टवर खरी माहिती ठेवायची की झाकायची? टेस्टवर येणाऱ्या माणसांना लाइव्हवरही तीच माहिती दिसत असेल तर मोबाइल नंबर, ईमेल, पगार आणि बँक खाती झाकली तरी पुरे. प्रोग्रॅमरच्या पीसीवर आणि बाहेरच्या व्हेंडरकडे मात्र खरा डेटा कधीच नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. झाकताना आकार टिकवा. जीएसटीआयएन वाटेल तसा भरला तर शेवटचं तपासणीचं अक्षर जुळत नाही आणि टेस्टवरचं प्रत्येक बिल अडतं. पहिले दोन अंक बदलले तर २७ चा महाराष्ट्र २९ चा कर्नाटक होतो आणि सीजीएसटी-एसजीएसटीच्या जागी आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर) लागतो. तुमचा माल तिकडे विजयपूर-बेळगावकडेही जात असेल तर दोन्ही राज्यांच्या पार्ट्या टेस्टवर हव्यातच.

या आठवडी रिस्टोअरचा एक फायदा मालकांना आवर्जून सांगा : बॅकअप खरोखर उघडतो का, हे दर आठवड्याला आपोआप तपासलं जातं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने दुसरा सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचंच फोल्डर उडवलं, जवळपास ३०० जीबी. बॅकअपच्या अनेक सोयी कागदावर होत्या, वेळेला एकही धड चालली नाही. शेवटी कामाला आली ती सहा तास आधी चाचणीच्या जागेसाठी हाताने काढलेली प्रत. सहा तासांचा डेटा गेला, बाकीचा वाचला.

आता माणसांचं. दोनच प्रोग्रॅमर असताना मोठ्या कंपन्यांसारखी कामाची विभागणी जमणार नाही, आणि तसा आवही आणू नका. एवढं करा : दोघांना लाइव्हवर फक्त वाचायची परवानगी, बदल तुम्ही चढवायचा. अडीनडीचा एक पासवर्ड बंद पाकिटात अकाउंट्सच्या कपाटात. पाकीट फुटलं की कोणी, कधी, कशासाठी याची नोंद आणि नवा पासवर्ड. प्रोग्रॅमरना हा अविश्वास वाटू शकतो. त्यांना सांगा की रात्री दहा वाजता “तूच काहीतरी केलं असशील” हे ऐकायचं त्यातून वाचतं. तुमच्या सीएंनाही इथे बाजूने उभं करा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बंद न करता येणारी बदलनोंद सक्तीची आहे आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. डेटाबेसमध्ये थेट शिरून बिलाची रक्कम बदलली तर सॉफ्टवेअरची बदलनोंद हुकते. मालक आयटीचं एक वेळ ऐकणार नाहीत, सीएंचं ऐकतात.

टेस्टवर चाललेलीच स्क्रिप्ट लाइव्हवर चालवायची, पाहून पुन्हा टाइप करायची नाही. आणि ३८ च्या ३८ पीसींवर नवी एक्झी (सॉफ्टवेअरची चालणारी फाइल) पोचली याची खात्री सॉफ्टवेअरनेच करायची : उघडताना डेटाबेसमधला आवृत्ती क्रमांक पाहायचा, जुळला नाही तर लॉगिनच द्यायचं नाही. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीत नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, आठव्यावर जुनाच राहिला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान. तुमच्याकडे हा आठवा सर्व्हर म्हणजे गोदामाच्या मागच्या खोलीतला, आठवड्यातून एकदा सुरू होणारा पीसी.

चढवायची वेळ बिलिंग संपल्यावरची. महिनाअखेर आणि ११ व २० या जीएसटी विवरणाच्या तारखांच्या आसपासचे दिवस टाळा. आधी बॅकअप, मग बदल, मग ठरलेली दहा बिलं. मागे फिरायची वेळ आधीच लिहून ठेवा : साडेनऊपर्यंत जमलं नाही तर जुनं परत. ती वेळ ठरलेली नसली की ‘आलंच, आलंच’ करत रात्रीचा एक वाजतो. दुसऱ्या दिवशी शंभर बिलं निघाल्यावर बॅकअप टाकून मागे जाता येत नाही, ती शंभर बिलं जातात. म्हणून डेटाबेसमध्ये नवा कॉलम वाढवा, जुना निदान एक महिनाअखेर उलटेपर्यंत काढू नका. म्हणजे जुनी एक्झी परत लावली तरी चालते.

टेस्ट हळूहळू मरतं ते दोन कारणांनी. पहिलं, घाईची दुरुस्ती थेट लाइव्हवर होते आणि कोडमध्ये परत येत नाही. पुढच्या बदलाबरोबर ती पुसली जाते आणि बरी झालेली चूक पुन्हा उभी राहते. लाइव्हवर हात लावला तर त्याच दिवशी तोच बदल गिटमध्ये. दुसरं, तपासायला माणूस नसतो. प्रोग्रॅमरने स्वतःचं काम तपासणं म्हणजे आपणच पेपर लिहून आपणच गुण देणं. बिलिंगचा रोजचा माणूस आठवड्यातून दोन तास मोकळा मिळायला हवा, आणि या सगळ्यात मालकांकडून मिळायला सर्वांत कठीण गोष्ट हीच आहे. डेस्कटॉपचे पैसे ते देतील. हे दोन तास लेखी मागून घ्या.

क्लाउडचं आत्ता नको. टेस्टवर बसणारी माणसं आणि लाइव्ह सर्व्हर एकाच इमारतीत आहेत. दर रविवारी पूर्ण बॅकअप इंटरनेटवरून वर पाठवायचा, तो एन्क्रिप्ट करायचा, वरचं मशीन रात्री बंद करायचं विसरलं की बिल चढतं, हे सगळं दोन प्रोग्रॅमरच्या दुकानाला जास्तीचं आहे. लाइव्ह क्लाउडवर गेलं की टेस्टही त्याच्याबरोबर जाईल. तोवर टेस्टचा डेस्कटॉप तुमच्या टेबलाशेजारी राहू द्या, आणि त्याला एक यूपीएस जोडा.